आधी डबा जाऊ दे

"एक तर तुम्ही, नाही तर हा खोका," काउंटरवरची बाई वीणाला म्हणाली. "दोघांचं वजन या फेरीत बसत नाही. उरेल ते दुपारच्या विमानाने जाईल."

उत्तर ध्रुवाजवळच्या कॉट्झब्यूहून गावोगाव जाणाऱ्या छोट्या विमानांसाठी सामानाबरोबर माणसाचंही वजन धरतात. सकाळच्या या विमानात शाळेचं दूध आणि टपाल आधीच भरलं होतं. पन्नास मैलांवरच्या नोआटॅकला वीणाचा मुलगा अनीश शाळेत शिकवायचा. तिथे रस्ता जात नाही. विमानाने वीस-पंचवीस मिनिटं. घरी, दूर एडिसन शहरात, तेवढा वेळ देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर पार्किंग शोधण्यातच जातो.

दोन वर्षं तिने लेकाला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. आताही इथवर येऊन दोन दिवस धुक्यात फुकट गेले. उद्या सकाळी परत निघायलाच हवं होतं. घरी नवऱ्याच्या, रवींद्रच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. हातात होता तो आजचा दिवस. एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईने काय करावं?

"आधी डबा जाऊ दे," वीणा म्हणाली. "चकल्यांबरोबर पुरणपोळ्या आहेत. नासतील."

काउंटरवरच्या बाईने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे एकदा पाहिलं आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवली. आईपुढे शहाणपण चालत नाही, हे सगळ्या मुलखांत सारखंच.

खोका गेला. दुपारी वारा सुटला, बर्फ उडायला लागलं, समोरचा रनवे दिसेना. फेरी कॅन्सल झाली. त्या दिवशी दुसरी नव्हती.

"अगं, तू लेकाला भेटायला गेलीयस की डबा पोचवायला?" एडिसनहून रवींद्र फोनवर ओरडला. "अख्खं राज्य फ्रीझर आहे यार, तिथे पुरण नासतंय होय?"

"अहो, पुरे ना आता," ती म्हणाली, आणि फोन ठेवून मुसमुसून रडली. फार चुकलं होतं. जन्मभर आधी सगळ्यांना वाढायचं आणि आपण मागून बसायचं, हीच सवय. मागून बसणाऱ्याचं ताट कोणी उचलून नेईल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात अनीशचा फोन आला.

"आई, सकाळी मी रनवेवरच उभा होतो. पायलटने बॉक्स हातात दिला. मला वाटलं, तू मागच्या सीटवर असशील. मी आत वाकून बघितलं. सगळं सामान उतरेपर्यंत बघत होतो."

वीणाने डोळे पुसले.

"जेवलास का?"

"नाही. तुझ्यासाठी थांबलो होतो ना."

"मग आता बस. फोन ठेवू नकोस. मी आहे इथे."

पलीकडे खुर्ची सरकली. चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज झाला, मग डब्याचं झाकण उघडल्याचा. वीणाने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

पन्नास मैलांवर चकली मोडली.