एक स्पीकर, दोन आउटपुट

गाणं संपलं आणि रेडिओ गप्प झाला. मिनिटभराने दुसरं गाणं लागलं, तेही पोकळ. वाद्यं होती, गाणारा जवळजवळ नव्हताच.

"मधे आई बोलायला हवी होती," मुलगी म्हणाली.

"बोलेल. घाई काय आहे?" रेडिओ मेकॅनिक म्हणाला.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. पाचला त्याच्या बायकोचा कार्यक्रम संपणार होता आणि त्याबरोबर तिची निवेदिकेची नोकरीही. सकाळी निघताना तिने बजावलं होतं, "आज शेवटी तुमच्यासाठी दोन शब्द बोलणार आहे. ऐका." सव्वीस वर्षं ती रेडिओवर बोलत होती आणि तेवढीच वर्षं तो त्या वेळी दुकानात लोकांचे रेडिओ उघडून बसलेला असायचा. आज दुकान बंद ठेवलं, तेवढ्यावर भागलं असतं. पण गड्याला हौस दांडगी. खास आजसाठी त्याने नवा सेट स्वतः बनवला होता, आयुष्यात पहिल्यांदाच एफएमची चिप वापरून.

"शेजारच्या काकूंचा सेट आणू का?"

"माझ्या सेटला काय धाड भरलीये? स्टेशनवाल्यांनीच तिचा माइक बंद ठेवला असेल."

मुलीने वाद घातला नाही. सेटवर स्टिरिओ-मोनोचं बटण होतं, ते तिने मोनोवर सरकवलं. होतं नव्हतं ते गाणंही गेलं. परत स्टिरिओवर आणलं, गाणं आलं. मग तिने मागचं झाकण काढलं.

"बाबा, स्पीकरच्या वायरी कुठे जोडल्यात?"

"चिपला आउटपुट दोन, डावा नि उजवा. स्पीकरला वायरी दोन. एकीला एक." जन्मभर एका आउटपुटचे सेट दुरुस्त केलेल्या माणसाला हे सरळच वाटलं होतं.

"दोन्हीकडून सारखंच ढकललं तर स्पीकर हलणार कसा? डाव्या-उजव्यात जो फरक आहे तेवढाच वाजतोय. वाद्यांमध्ये तो असतो. आई एका माइकवर बोलते, ती दोन्हीकडे अगदी सारखी येते आणि पुसली जाते. मोनोवर तर दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून सगळंच गेलं. एक वायर ग्राउंडला हवी."

तो चिपकडे बघत राहिला. मग त्याने सोल्डरिंग आयर्न लावलं. ते तापायला लागायचा तेवढा वेळ लागला. वायर सोडवली, ग्राउंडला डाग दिला.

"...एवढंच. नमस्कार." बायकोचा आवाज खोलीत स्वच्छ उमटला आणि लगेच पाचच्या बातम्या सुरू झाल्या.

ती सहाला आली. हातात फुलं होती, चेहरा दमलेला आणि हलका.

"ऐकलंत?" तिने दारातूनच विचारलं.

मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली. हो म्हणणं सोपं होतं. स्टेशनवर खापर फोडणं तर त्याहून सोपं. कित्येक गिऱ्हाइकांना त्याने तसंच वाटेला लावलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "वायर चुकीची जोडली. चूक माझी."

या घरात हे पहिल्यांदाच ऐकू येत होतं. बायकोने फुलं टेबलावर ठेवली. तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही.

"आता सांग ना," तो म्हणाला.

"नाही जमायचं. तुम्ही समोर असलात की माझं निम्मं वाक्य तुम्हीच पुरं करता. तिथे खोलीत कोणी नव्हतं, म्हणून बोलले."

मेकॅनिक उठला. त्याने खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

"ऐकतोय," तो भिंतीकडे बघत म्हणाला.