मांजरासाठी कॅमेरा

"मांजर एवढं उंच असतं का, मावशी?"

रोबिया स्टुलावर उभी होती. अंगणातल्या स्वयंपाकघरात कॅमेरा कुठं बसवायचा ते मुकर्रम मावशींनी बोटानं दाखवलं होतं. ती जागा चुलीपुढं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बरोबर तोंडासमोर येत होती.

मावशी हसल्या. "काल तुझ्या दुकानात चार माणसं होती, म्हणून मांजरावर नजर ठेवायला म्हटलं. सुनेसाठी हवाय तो. चार महिने झाले, एक पदार्थ धड होत नाही तिच्या हातून. आज माझ्या दोन्ही नणंदा जेवायला येतायत, त्याही चाखतील. माझा इल्योस तिकडं रशियात कझानला विटा रचतोय. त्यालाही दिसू दे, काय ध्यान गळ्यात पडलंय ते. मग धाडून देऊ माहेरी."

रोबियाला शिसारी आली. अख्ख्या मार्गिलान शहरात असलं इलेक्ट्रॉनिक्सचं काम जमणारी ती एकटी, आणि ते अशासाठी वापरायचं! तिथंच सामान गुंडाळून निघायला हवं होतं. पण मावशी मोहल्ल्यात वडीलधाऱ्या, लग्नकार्यात पहिला मान त्यांचा. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायला तिची जीभ उचलली नाही. त्या जिभेचीही तिला किळस आली.

नखाएवढ्या कॅमेऱ्याची चपटी पट्टी तिनं तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डच्या खाचेत सरकवली. बोर्डवरचा लाल दिवा लागला.

"तो झाक आधी," मावशी म्हणाल्या. "तिला दिसता कामा नये."

रोबियानं दिव्यावर काळ्या नेलपॉलिशचा थेंब सोडला. पहिला फोटो आला तो नुसत्या हिरव्या रेघांचा. पट्टी नीट दाबून बसवली, तेव्हा चूल दिसली, पातेलं दिसलं, पण सगळं उलटं.

"उलटं येतंय. सरळ करायला लॅपटॉप लागेल, तो ओसरीवर आहे."

"म्हणजे अजून झालंच नाही होय? कर, कर."

रोबिया ओसरीवर जाऊन बसली. बोर्ड आपलं काम करत होता. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो काढायचा आणि रोबियाच्या अन् इल्योसच्या फोनवर एकदम पाठवायचा. चूल. पातेलं. पुन्हा चूल. मग चौथा फोटो आला आणि तिनं फोन हातात फिरवून सरळ धरला.

मुकर्रम मावशी पातेल्यावर वाकल्या होत्या. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात मिठाचा वाडगा. वाडगा पुरता उपडा. सुनेनं, शोहिस्तानं, पहाटेपासून मंद आचेवर ठेवलेला शूर्पा, मटणाचा रस्सा, होता तो. आणि मावशींचा चेहरा किती शांत! कुंडीला पाणी घालावं तसा.

रोबियानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. चार महिन्यांचा हिशेब तिला एका फोटोत लागला. पण लगेच तिला हायसंही वाटलं. फोटो इल्योसलाही गेला होता. बायकोचे हाल कझानमधून दिसत नव्हते, आई तर दिसली असेल! आता फोन करील, आईला खडसावील, सुटेल बिचारी.

फोन थरथरला. इल्योसचंच उत्तर होतं.

"ताई, हा पुसून टाका. आईला कळू देऊ नका की मी पाहिला. शोहिस्ता दिसेल तेवढेच फोटो ठेवा. इथं मी दुसरीकडं लग्नाची बोलणी केलीयत."

रोबियानं ते दोनदा वाचलं. मग फोन पालथा ठेवला आणि हात झग्याला पुसले, फोनलाच काही लागलं असावं तसे.

दार वाजलं. शोहिस्ता आत आली. फडक्यात बांधलेले भट्टीवरचे गरम नान तिनं छातीशी धरले होते. पाहुणी दिसताच ती रीतीप्रमाणे लवली. एकोणीस वर्षांची असेल. भट्टीच्या आचेनं तोंड लाल झालं होतं.

"बसा ना, आपा. शूर्पा छान झालाय आज," ती हळूच म्हणाली. "मीठ तीन वेळा चाखून बघितलंय."

आतून मावशींची हाक आली, "रोबिया, झालं का गं सरळ?"

"झालं, मावशी!" रोबिया ओरडली. आणि फोन उचलून शोहिस्तासमोर धरला. "हे बघ. आणि खालचं वाच."

शोहिस्तानं फोटो पाहिला. खालचं वाचलं. रोबिया वाट पाहत राहिली, की आता ही रडेल, नाहीतर किंचाळेल. शोहिस्तानं नान ओसरीवरच्या मेजावर नीट ठेवले, नान उपडा ठेवू नये म्हणून सुलटे, आणि फडक्याची घडी घातली.

"माझ्या वडिलांना पाठवा, आपा. नंबर सांगते," ती म्हणाली. "ह्यांचं हे उत्तर आधी पाठवा. फोटो मागून."