भिंतीवरून येणारं खत

शेजारीण रोज सकाळी भाजीची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा मुद्दाम भिंतीवरून काकूंच्या अंगणात भिरकावायची. काकू सगळं मुकाट्याने गोळा करून ड्रममध्ये सुक्या पानांखाली कुजवायच्या. त्या खतावर त्यांचे गुलाब असे माजले, की येणारे-जाणारे थबकायचे.

एक दिवस शेजारीण डोळ्यांत पाणी आणून दारात उभी राहिली. "चुकलं माझं, वहिनी. उद्यापासून एक सालही टाकणार नाही."

काकू एकदम कडाडल्या. "चालती हो, भवाने! तोंड बघायचं नाही मला तुझं!" त्यांनी धाडकन दार लावलं.

"अगं, माफी मागायला आली होती ती!" काका चक्रावले.

"म्हणूनच हाकललं. आता चिडून दुप्पट टाकेल. नाहीतर गुलाबांना काय घालू, तिची माफी?"