नीलमाचा गरुड

झिनाइदाने डबीची फीत मुद्दामच सोडली नव्हती. सकाळी राजवाड्याचा माणूस डबी देऊन गेला, तेव्हापासून ती चहाच्या समोवारशेजारी तशीच पडून होती. ती उघडायची होती ग्लाफिराच्या डोळ्यांदेखत. आठ वर्षं वाट पाहिली, तिथे आणखी चार तासांनी काय बिघडणार होतं?

दोघी पीटर्सबर्गच्या ऑपेरात गायच्या. आठ वर्षांपूर्वी राजवाड्यातल्या मैफलीतही दोघी गायल्या आणि सम्राज्ञीकडून ब्रोच मात्र एकट्या ग्लाफिराला आला. दोन डोक्यांचा सोन्याचा गरुड, छातीत नीलम. झिनाइदाने तिला मिठी मारली आणि घरी जाऊन उपाशी झोपली. बेसूर गाणारीला मिळाला असता तर एवढं लागलं नसतं. ग्लाफिरा खरोखर चांगली गायची, हेच तर दुखणं होतं.

एकदा ग्लाफिराने तो झग्यावर लावून द्यायला तिलाच सांगितलं. झिनाइदाने केसातला आकडा काढला आणि गरुडाच्या पाठीवर, सोनाराच्या शिक्क्याखाली, एक आडवा ओरखडा ओढला. समोरून कुणाला दिसणार नव्हता. पण त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

तीन वर्षांपूर्वी तिच्याच छातीने दगा दिला. खोकल्यातून रक्त पडू लागलं. डॉक्टर म्हणाले, हिवाळाभर याल्ट्याला समुद्राच्या हवेत राहा, नाहीतर गाणं विसरा. जायचं कशाच्या जोरावर? तेवढ्यात कुणा निनावी चाहत्याकडून नोटांचं जाडजूड पाकीट आलं. ती गेली, बरी होऊन परतली. चाहता नक्कीच कुणी जनरल असणार, असं ती अजून ऐटीत सांगायची.

त्या हिवाळ्यापासून ग्लाफिराच्या अंगावर गरुड दिसला नव्हता. आपली दृष्ट लागेल म्हणून ती तो कडीकुलपात ठेवते, हे झिनाइदाने मनाशी पक्कं केलं होतं. तिला त्याचा रागही येई आणि थोडं बरंही वाटे.

ग्लाफिरा दोन वाजता आली, चेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन. अभिनंदन केलं, गालाला गाल लावला. झिनाइदाने चहा ओतला आणि घाई न करता गप्पा सुरू केल्या. त्यांच्या ऑपेरातल्या एका गवयाला राजवाड्यातून अंगठी मिळाली होती. पठ्ठ्याने ती तिसऱ्या दिवशी राजवाड्याच्या खजिन्यात परत दिली आणि रोकड घेतली. तशी रीतच होती, बंदी कुणालाच नव्हती. परत आलेली वस्तू खजिन्यात पुढच्या मानकऱ्याची वाट पाहत पडून राही. ती अंगठी ईस्टरला एका दातांच्या डॉक्टरच्या बोटात चमकली, तेव्हा सगळं शहर हसलं.

"सम्राज्ञीची भेट विकायची म्हणजे कमालच झाली," झिनाइदा म्हणाली.

"असते एखाद्याची अडचण."

"लाज नसते, असं म्हण."

ग्लाफिराने मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडलं. मग झिनाइदाने फीत सोडली.

आत गरुड होता, छातीत नीलम. राजवाड्याचे सोनार हे गरुड एकाच साच्यातून काढत, म्हणून तिला नवल वाटलं नाही. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला. आठ वर्षांचा जळफळाट आता कुठे जरा निवत होता.

"तुझ्यापेक्षा गडद आहे गं याचा नीलम. खरं सांग."

"गडद आहे," ग्लाफिरा म्हणाली.

एवढ्या सहज मान्य केलं, म्हणून झिनाइदाला उलट टोचलं. ग्लाफिराने भांडावं, निदान तोंड वाकडं करावं, एवढी तरी तिची अपेक्षा होती.

"मग तुझा आण ना एकदा. शेजारी शेजारी ठेवून बघू. तीन वर्षं लपवून काय ठेवलायस?"

ग्लाफिराने बशी खाली ठेवली.

"उलटा करून बघ, झीना."

झिनाइदाने ब्रोच उलटा केला. शिक्क्याखाली एक आडवा ओरखडा होता.

ग्लाफिराने चमचाभर मुरंबा तोंडात घातला, वर चहाचा घोट घेतला.

"याल्ट्याहून आल्यापासून खोकला परत नाही ना गं आला?" तिने विचारलं.