मधलं दार

खोलीचं दार लावून रेगेसर फोनवर विद्यार्थिनीला छोटे भूकंप समजावत होते. "थरथर टोकदार असेल, तर जमिनीखाली छोटाच तुकडा सरकला, पण ताण भयंकर सुटला. बोजड असेल, तर उलट. मात्र आधी मधल्या मातीचा हिशेब कर. सगळा टोकदारपणा तीच गिळते."

तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी धप्पकन आदळलं. बोजड आवाज, म्हणजे ताण किरकोळ, असं मनाशी ठरवून सर निवांत बोलत राहिले.

चहाच्या आशेने बाहेर आले, तर बायको इरकल नेसून, हातात पातेलं घेऊन उभी. भाचीच्या केळवणाला निघायची वेळ केव्हाच टळली होती.

"अहो, आदळलेलं ऐकलंत ना?"

"ऐकलं की. सौम्यच वाटलं."

"दार लावलं होतंत. पोरीला मातीचा हिशेब शिकवता, दाराचा कोण करणार?"

सरांनी पातेलं निरखलं. पोचा अंगठ्याएवढाच, पण चांगलाच खोल. ते सदरा चढवू लागले. शेवटचं बटण लावताना मात्र राहवेना.

"अगं, किती उंचीवरून टाकलंस?"

तेच पातेलं पुन्हा आदळलं. या वेळी मध्ये दार नव्हतं.