दावा मान्य आहे

भावाने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, तरी ती तेच म्हणाली. बाबा परत येतील.

"बाबा गेले, एवढं मान्य कर," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस की संपलं."

वडील घरातून नाहीसे झाले त्याला वर्षं लोटली होती. ते मेले असं कोर्टाने ठरवलं, की त्यांच्या लोखंड ओतायच्या कारखान्याची वाटणी होणार होती. वकिलाने भावाला नीट समजावलं होतं. बहिणीने दावा मान्य केला तर साक्षीपुरावे लागणार नाहीत, न्यायाधीश तिथल्या तिथे निकाल देतील. तिने नाकारला, तर तारखांवर तारखा पडतील. भावाकडे तेवढा धीर नव्हता.

शिवाय तिच्या बाजूने एक साक्षीदार होता. कारखान्यातला म्हातारा मिस्त्री सगळ्यांना सांगत होता, मालकांना मी अलीकडेच बाजारात पाहिलं, चांगले ठणठणीत होते.

भावाने मिस्त्रीला कारखान्यातच गाठलं. आधी कानाखाली दिल्या, मग त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि हातोडा घातला. म्हाताऱ्याने शब्द फिरवला नाही. कोर्टात येईन आणि शपथेवर हेच सांगेन, म्हणाला.

बहीण दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली. हाताचा पार चेंदामेंदा झाला होता. दुसरा अजून शाबूत आहे, असं म्हणून तो हसला. तिला हसू आलं नाही. तिच्या डोक्यातले टाके ठणकत होते. भाऊ आता थांबणार नाही, पुढच्या खेपेला म्हाताऱ्याचा जीव घेईल, हे तिला कळून चुकलं. बाबांचाही हात असाच चालायचा, त्या शेवटच्या रात्रीपर्यंत.

तारखेच्या दिवशी मिस्त्री बँडेज बांधून आलाच. तिने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि ती एकटी न्यायाधीशांसमोर उभी राहिली.

"दावा मान्य आहे," ती म्हणाली. "बाबा हयात नाहीत. साक्षीदार नको."

भावाने सुस्कारा सोडला. त्याचा वकील फाइल आवरू लागला.

न्यायाधीशांची नजर मात्र तिच्या डोक्यावरच्या पट्टीवर अडकली होती. कुणी धमकावलंय का, त्यांनी विचारलं. मारून मुटकून मिळवलेल्या कबुलीवर इथे निकाल होत नाही, म्हणाले. आजवर तुम्ही ते जिवंत आहेत म्हणत होतात. मग ते गेले, हे आता कशावरून सांगता?

तिने दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"मीच मारलंय त्यांना," ती म्हणाली.