आधी माल, मग माणसं

"ब्रॉन्या, आमची गाडी सिग्नलला का रोखलीस?" हॅलरनसाहेब फोनवर दबक्या आवाजात खेकसले. शिकागोच्या नोकरदारांची पॅसेंजर गाडी सरकारने त्यांच्या मालवाहतूक कंपनीला कंत्राटावर चालवायला दिली होती. ते कंत्राट पुन्हा मिळावं म्हणून साहेब आज सरकारी पाहुण्यांना घेऊन त्याच गाडीत बसले होते.

कंट्रोल रूममध्ये ब्रॉन्याने डब्यातली बटाट्याचं सारण भरलेली पिएरोगी उचलली. "पुढून मालगाडी जातेय, साहेब. आधी माल, मग माणसं. हुकूम तुमचाच."

"तो रोजचा! आज आम्हाला आधी सोड."

"आता कशी सोडू? मालगाडीचं तोंड फाट्यात शिरलंय."

पडद्यावर मालगाडीची लाल रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. या माणसाच्या हुकमावरून ब्रॉन्याने वर्षानुवर्षं पॅसेंजर अडवली होती आणि उशिराचं खापर त्याने पॅसेंजरच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे तिच्याच नवऱ्याच्या डोक्यावर फोडलं होतं.

"अगं, पाहुणे घड्याळं बघतायत! अर्धी तरी गेली का?"

"कुठली! चांगली दोन मैल लांबीची आहे."

"मग ड्रायव्हरला जरा हाण म्हणावं! कोण गाढव बसलंय तिच्यावर?"

ब्रॉन्याने घास सावकाश चावून गिळला.

"आमचा कॅसिमिर. पॅसेंजरला उशीर करतो म्हणून तुम्हीच नाही का त्याला मालगाडीवर टाकलंत?"